पहाटेचा गारठलेला ट्रॅक्टर आणि आपले हातपाय

निफाडच्या माणसाला थंडी समजावून सांगायची गरज नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कितीवर उतरला, हे इथे सकाळच्या चहाआधी सगळ्यांना ठाऊक असते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तो १.८ अंशांपर्यंत घसरला होता. अशा रात्री द्राक्षबागाईतदाराला झोप नसते. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सोडायचे आणि उजाडताच फवारणीचा ब्लोअर जोडायचा. नेमका त्याच वेळी गोठ्याशेजारी उभा असलेला वीस-पंचवीस वर्षांचा ट्रॅक्टर 'कुँ... कुँ...' करतो आणि गप्प बसतो.

आरोग्याच्या सदरात ट्रॅक्टर कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांनी डिसेंबर-जानेवारीत एखाद्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास माझ्या दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसावे. खोकल्या-सर्दीच्या रांगेत कोणी मनगट दुसऱ्या हातात धरून बसलेला असतो, कोणाच्या भुवया जळालेल्या असतात, कोणाच्या डोळ्यात बॅटरीचे ॲसिड उडालेले असते. वर्षातून एखाद-दुसरा असा येतो, की ज्याला मी नुसते बघतो आणि गाडीत तसाच पुढे नाशिकला पाठवतो. इंजिन दुरुस्त करणे हे माझे काम नाही. पण ते चालू करताना मोडलेली माणसे माझ्याकडे येतात. तेव्हा आज थोडे त्याविषयी.

आधी इंजिन थंडीत का रुसते ते पाहू. डिझेल इंजिनात पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी नसते. आत घेतलेली हवा पिस्टनने इतकी दाबली जाते, की तीच तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, तोच हा प्रकार. या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की भडका उडतो. पहाटे इंजिनाचे लोखंडच बर्फासारखे गार असते. हवा तापली तरी तिची उष्णता लोखंड पिऊन टाकते. त्यात चेंबरमधले ऑइल काकवीसारखे घट्ट झालेले. इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, आणि नेमका त्याच वेळी बॅटरीचा जोर कमी झालेला असतो, कारण बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. शून्य अंशाच्या आसपास चांगल्या बॅटरीचीही साधारण एक तृतीयांश ताकद गेलेली असते. जुनी बॅटरी असेल तर विचारायलाच नको.

डिझेलचेही तसेच. त्यात मेणासारखा अंश असतो, तो गारठ्यात साकळतो आणि फिल्टर तुंबतो. आपल्या देशात हिवाळ्यासाठी आणि उन्हाळ्यासाठी डिझेलचे मानक वेगवेगळे आहे. फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा हिवाळी डिझेलला ६ अंश, तर उन्हाळी डिझेलला १८ अंश आहे. म्हणजे ऑक्टोबरात भरून ठेवलेल्या टिपातले डिझेल जानेवारीच्या पहाटे दगा देऊ शकते. लडाखमध्ये तर साधे डिझेल गोठूनच जायचे. तिथल्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये आणले. कॅनडासारख्या देशात शेतकरी इंजिनातच विजेचा हीटर बसवून घेतात आणि रात्री ट्रॅक्टरची वायर घरातल्या प्लगला जोडून झोपतात. आपली थंडी तेवढी नाही. आपली थंडी उन्ह वर आले की पळते. म्हणजे आपला खरा शत्रू पहाटेचे दोन-तीन तास आणि त्या तासांतली घाई.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. बाकी लेख वाचायला वेळ नसेल तर एवढे तरी वाचा आणि घरातल्या तरुण पोरांना वाचून दाखवा.

किल्ली फिरवली, सेल्फ लागला नाही. मग काय करतात? खाली उतरतात, मोठा पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर घेतात, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधल्या जागेत उभे राहतात आणि सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना टेकवून 'डायरेक्ट' करतात. ठिणगी उडते, सेल्फ फिरतो. गावातल्या निम्म्या ड्रायव्हरांना ही विद्या येते आणि ती येते याचा त्यांना अभिमानही असतो. पण जुन्या ट्रॅक्टरचा हँड ब्रेक बहुधा नावालाच उरलेला असतो. म्हणून रात्री ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून उभा केलेला असतो. पहाटे अंधारात, डोक्यावर कानटोपी, डोळ्यांत झोप, गिअर काढायचे राहून जाते. पाना टेकवला की नुसत्या सेल्फच्या जोरावरही ट्रॅक्टर पुढे सरकतो. इंजिनाने पेट घेतला तर थांबतच नाही. मागचे मोठे चाक आणि माणूस यांच्यात हातभर अंतर असते. दीड-दोन टनांचे धूड, त्यातले बरेचसे वजन मागच्या चाकांवर. पाय आधी सापडतो, मग मांडी, मग कंबर.

कोणी म्हणेल, उडी मारून वर चढू आणि बंद करू. वाचकहो, जुन्या डिझेल इंजिनाला एकदा चालू झाल्यावर विजेची गरजच नसते. पाना काढला, किल्ली बंद केली, बॅटरीची वायर उपसली तरी ते चालूच राहते. ते बंद करायला सीटजवळची बंद करण्याची दांडी ओढून डिझेल तोडावे लागते. आणि त्या वेळी सीटवर कोणीच नसते.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी पन्नाशीच्या एका बागाईतदाराला ट्रॉलीत गादीवर घालून माझ्याकडे आणले. कमरेच्या हाडाचे तुकडे झालेले, मांडी मोडलेली, बाहेर रक्त असे काही नाही. नातेवाइकांना वाटले, रक्त नाही म्हणजे मुका मार असेल. मला नाडी लागत नव्हती. कमरेचे हाड मोडले की लिटर-दोन लिटर रक्त आतल्या आतच सांडते, बाहेर थेंब दिसत नाही. ते वाचले. चार महिने अंथरुणात, दोन ऑपरेशने, आणि आज काठीशिवाय चालता येत नाही. त्यांना मी नंतर विचारले, इतकी वर्षे ट्रॅक्टर चालवता, खालून का चालू केलात? म्हणाले, 'डॉक्टर, रोजच तसं करायचो.'

हे 'रोजच' फार वाईट. सीटवरून चालू करण्याचा नियम नुसता सुरक्षेचा आहे असे समजू नका, त्यात सोयही आहे. सीटवर बसून क्लच पूर्ण दाबला की गिअरबॉक्समधले घट्ट झालेले ऑइल फिरवण्याचा भार सेल्फवरून उतरतो आणि गार इंजिन लवकर फिरते. म्हणजे जिवाला जे बरे तेच बॅटरीलाही बरे. किल्लीने सेल्फ लागत नसेल तर बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. सैल टर्मिनल, त्यावर साठलेला पांढरा-हिरवा क्षार, जळालेली वायर किंवा स्विच. दुरुस्तीला जो खर्च येतो तो माझ्या एका एक्स-रेच्या बिलाहून फार मोठा नसतो. नव्या ट्रॅक्टरला क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू न देणारा स्विच असतो. तोही आपले लोक 'उगीच कटकट' म्हणून मिस्त्रीकडून काढून घेतात. तो काढून घेऊ नका.

असा अपघात झालाच तर १०८ ला फोन करा. ही ॲम्ब्युलन्स सेवा राज्यात २०१४ पासून आहे. माणसाला उचलून उभे करू नका, बसवू नका, फळीवर सरळ निजवा. पाणी, चहा, दूध काही देऊ नका, कारण ऑपरेशनची वेळ आली तर भरलेले पोट धोक्याचे. अंगावर घोंगडी टाका. रक्तस्राव होत असलेला माणूस गारठला तर रक्त साकळण्याची क्रिया बिघडते आणि तो लवकर हाताबाहेर जातो.

आता हँडलविषयी. हँडल मारून चालू होणारे ट्रॅक्टर आता जुन्या फोटोतच दिसतात, पण विहिरीवरच्या पंपाची डिझेल इंजिने आणि काही पॉवर टिलर अजून हँडलनेच चालू होतात. गारठलेले इंजिन अर्धवट पेटते आणि उलटा झटका मारते. हँडल हातावर येऊन आदळते आणि मनगटाचे अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडते. आमच्या वैद्यकाच्या पुस्तकात या मोडीला 'शोफर्स फ्रॅक्चर' असे नावच आहे. मोटारी नव्या होत्या तेव्हा हँडल मारणाऱ्या ड्रायव्हरांचे हे हाड इतक्या वेळा मोडे, की नाव त्यांचेच पडले. गंमत अशी, की शोफर या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ 'तापवणारा'! त्या काळी गाडी हाकण्याआधी ती तापवावी लागे. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ बसला आणि मनगटे सुटली.

हँडल मारायचेच असेल तर अंगठा मुठीत वळवून धरू नये, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवावा, म्हणजे झटका आला तर हँडल हातातून सुटून जाते. खाली दाबण्याऐवजी वर ओढताना जोर लावावा. डिकॉम्प्रेशनची दांडी उचलून इंजिनाला आधी वेग द्यावा, मगच ती सोडावी. आणि मनगट सुजलेच तर चोळू नये. हाड बसवणाऱ्याकडून बांबूच्या कामट्या आवळून बांधून घेतलेले हात मी पाहिले आहेत. आत सूज वाढते, बाहेर पट्टी घट्ट, रक्त पोचत नाही, आणि बोटे काळी पडतात. साध्या मोडीचा हात असा गमावलेला पाहवत नाही. घडी घातलेले वर्तमानपत्र मनगटाखाली ठेवून सैलसर बांधा, हात गळ्यात अडकवा आणि एक्स-रे काढा. (हेच वर्तमानपत्र चालेल, आधी हा लेख वाचून झाला असेल तर!)

सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही, मग दुसरी विद्या बाहेर येते. डिझेलमध्ये बुडवलेला पेटता बोळा एअर क्लिनरच्या तोंडाशी धरायचा, किंवा ऑइल चेंबरखाली काटक्या पेटवायच्या. वर्षानुवर्षे तेल गळून इंजिनाचा खालचा भाग माखलेला असतो, शेजारी कडब्याची गंज असते, आणि पेटवणाऱ्याच्या अंगात ॲक्रिलिकचा स्वेटर असतो. लोकरीचा स्वेटर जळतो तेव्हा करपतो. हा स्वेटर वितळतो आणि कातडीला चिकटतो. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये. चिकटलेले कापड ओढून काढू नये.

काही जण बाजारात मिळणारा स्टार्टिंग स्प्रे वापरतात. त्यात ईथर असते. हेच ईथर १८४६ मध्ये बोस्टनला मॉर्टन यांनी रुग्णाला हुंगवले आणि वेदनेशिवाय ऑपरेशन होऊ शकते हे जगाने पाहिले. आपल्याकडेही कित्येक वर्षे तोंडावर जाळी ठेवून ईथरचे थेंब सोडत. जे हुंगून माणूस झोपतो ते बंद शेडमध्ये हुंगू नये हे उघड आहे. शिवाय ते फार कमी उष्णतेला पेटते. इंजिनाला ग्लो प्लग किंवा हवा तापवणारा हीटर असेल तर स्प्रे मारू नयेच. भडका हवेच्या नळीतूनच तोंडावर येतो. पेट्रोलच्या बोळ्याचेही तेच. काही जुन्या ट्रॅक्टरांना, विशेषतः पर्किन्स जातीच्या इंजिनांना, थर्मोस्टार्ट नावाचा हीटर मुळातच बसवलेला असतो. किल्ली हीटवर पंधरा-वीस सेकंद धरायची आणि मग सेल्फ मारायचा. कितीतरी मालकांना आपल्या ट्रॅक्टरला हे आहे याचाच पत्ता नसतो. असेल तर दुरुस्त करून घ्या.

'एअर धरली' म्हणून नोझलचे पाइप सैल करण्याची पद्धत आहे. तिथे एक जखम होते, जी पाहून आमच्यातले नवखे डॉक्टरही फसतात. नोझलच्या पाइपात दीडशे-दोनशे किलोचा दाब असतो. फुटलेल्या पाइपातून किंवा सैल नटातून केसासारखी बारीक धार निघते. गळती कुठे आहे हे पाहायला बोट फिरवले, की ती कातडी भेदून डिझेल आत सोडते. बाहेर टाचणी टोचल्याएवढा ठिपका, दुखत नाही म्हटले तरी चालेल. माणूस बोट चोखतो आणि कामाला लागतो. संध्याकाळी बोट फुगते, रात्री ठणका असह्य होतो, दुसऱ्या दिवशी ते निळे-पांढरे पडते. हे डिझेल औषधाने निघत नाही. बोट उघडून धुवावे लागते, आणि तेही काही तासांत. उशीर झाला तर बोट कापावे लागते. गळती बोटाने शोधू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. आणि असा ठिपका झाला तर दुखो वा न दुखो, त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे जा आणि 'दाबाने डिझेल आत गेले आहे' हे शब्द सांगा. नुसते 'टोचले' म्हणाल तर धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन घरी याल.

नळीला तोंड लावून डिझेल ओढण्याविषयी थोडक्यात. घोट पोटात गेला तर निभावते, फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. मीठ-पाणी देऊन उलटी करवू नका, उलटीबरोबर तेच डिझेल श्वासनलिकेत जाते. खोकला, धाप लागली तर लगेच दवाखाना.

ट्रॅक्टर चालू झाला, ब्लोअर जोडला. आता थंडीतला कपडा. मफलर, शाल, उपरणे, सैल घोंगडी. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. मफलरचे टोक त्यात गेले तर एका सेकंदात दीड-दोन मीटर कापड गुंडाळले जाते. 'अरे' म्हणायला जो वेळ लागतो त्यात गळ्यापर्यंत. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण तुटून पडलेले असते आणि कोणी बदललेले नसते. मफलर सुटून आल्यावर काढायचा नाही, ट्रॅक्टरकडे निघतानाच काढून ठेवायचा. कानटोपी आणि अंगाबरोबरचे जाकीट पुरे.

धक्का मारण्याबद्दल साठीच्या पुढच्या मंडळींना सांगणे आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. हृदयविकाराचे झटके तसेही पहाटे आणि सकाळी जास्त येतात. उपाशीपोटी, बिडीचे दोन झुरके मारून, दात ओठ खाऊन ट्रॅक्टर ढकलणे म्हणजे हृदयाची परीक्षाच. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, गार घाम असे वाटले तर 'गारव्याने धरले' म्हणून शेकत बसू नका.

इंजिन तापेपर्यंत पत्र्याच्या बंद शेडमध्ये ते चालू ठेवून तिथेच शेकत बसणेही नको. गार इंजिनाचा धूर नीट न जळालेला असतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि ती झोप धोक्याची. कोविडच्या काळात घरोघरी आलेले ऑक्सिमीटर इथे फसवतात. विषबाधा झालेल्या माणसालाही ते ९८-९९ दाखवतात. आधी बाहेर मोकळ्या हवेत आणा. रोजच्या धुराचे म्हणाल तर २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत नोंदवला आहे.

तर मग करावे काय? खरे काम आदल्या संध्याकाळी. टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत रात्री दव धरते. टर्मिनल कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुऊन घट्ट करा. ऑइल कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या हिवाळी ग्रेडचेच घाला. ट्रॅक्टर पूर्वेचे ऊन लागेल अशा सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, चाकांना दगड लावून उभा करा. इंजिनावर गोणपाट टाका आणि सकाळी आठवणीने काढा. पहाटे सीटवर बसून, क्लच दाबून, सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट बॅटरीला दम खाऊ द्या. चार-पाच वेळा करूनही नाही झाला तर उन्ह वर येऊ द्या. तासाभराने तोच ट्रॅक्टर पहिल्या सेल्फला चालू होतो, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

एका वाचकाने विचारले आहे, की रात्री बॅटरी काढून घरात आणली तर चालेल का? चालेल, आणि फायदाही होईल. मात्र काढताना आधी निगेटिव्ह वायर काढावी, बसवताना ती शेवटी लावावी. चार्जिंग झोपायच्या खोलीत किंवा देवघरात दिव्याजवळ करू नये, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीने स्फोट पावतो. दुसऱ्या बॅटरीवरून जम्पर लावताना पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडून झाल्यावर शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावावे. ॲसिड डोळ्यात उडालेच तर पापण्या उघड्या धरून वीस मिनिटे पाण्याची धार सोडावी, थंडी असली तरी, आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघावे.